मदरबोर्ड गेलाय म्हणजे नेमकं काय गेलंय?

लॅपटॉप बंद पडला म्हणून दुकानात नेला की सांगलीत एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "मॅडम, मदरबोर्ड गेलाय." मदरबोर्ड म्हणजे आतली मुख्य सर्किटची पाटी, सगळे भाग तिलाच जोडलेले. तापाच्या पेशंटला 'व्हायरल आहे' सांगावं तसं हे वाक्य आहे. खोटं म्हणता येत नाही आणि त्यातून कळतही काही नाही. त्याच्या मागोमाग येणारा आकडा मात्र चांगला ठणठणीत असतो. माझ्या बाबतीत तो होता 22,538 रुपये. प्रत्यक्षात मी दिले 1,800.

मार्केट यार्डातल्या हळदीच्या आणि बेदाण्याच्या काही अडत्यांचे हिशेब मी घरून बघते. टॅलीतल्या नोंदी, बँकेचा मेळ, जीएसटीची रिटर्न्स. लॅपटॉप 2021 साली घेतलेला, साडेसेहेचाळीस हजारांचा. वॉरंटी एका वर्षाची, ती कधीच संपली. एका संध्याकाळी काम करता करता स्क्रीन काळी झाली आणि मग काही केल्या सुरू होईना. पंखा नाही, दिवा नाही, आवाज नाही. पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, चार्जर काढून लावला, भिंतीतला पॉइंट बदलला. सगळे करतात ते सगळं.

त्यात एक गोष्ट लक्षात आली आणि पुढं तीच सगळ्यात कामाची ठरली. चार्जरच्या ठोकळ्यावर एक छोटा पांढरा दिवा असतो. भिंतीत लावला की तो लागायचा. पिन लॅपटॉपमध्ये घातली की विझायचा. पिन काढली की क्षणभरानं परत लागायचा. दिरांकडं त्याच कंपनीचा, तेवढ्याच वॅटचा चार्जर आहे, तो आणून लावला. तोही तसाच विझला. म्हणजे चार्जर धड आहे आणि लॅपटॉपच्या आतलं काहीतरी त्याच्याकडून नको इतका करंट ओढतंय, म्हणून तो स्वतःला वाचवायला बंद होतोय. हे मला तेव्हा एवढ्या शब्दांत सांगता आलं नसतं, पण दिवा विझतानाचा व्हिडिओ मी मोबाइलवर काढून ठेवला. दुरुस्तीला नेण्याआधी बिघाड जसा दिसतो तसा टिपून ठेवावा, कारण दुकानात गेल्यावर आपण "चालूच होत नाही ओ" एवढंच सांगतो आणि बाकीचं समोरचा भरतो.

महिन्याची 20 तारीख तोंडावर होती. 3बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख, त्यानंतर दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क, आणि ते माझ्या पक्षकारानं का सोसायचं? बॅकअप पेनड्राइव्हवर होता, पण त्यानंतरच्या नोंदी लॅपटॉपमध्येच. अशा वेळी दुकानदार मागेल ते द्यायला माणूस तयार होतो. गिऱ्हाइकाच्या बोलण्यातली घाई त्याला लगेच ऐकू येते आणि आकडा त्या घाईवर ठरतो, बिघाडावर नाही. म्हणून आधी घाई मिटवायची ठरवली.

दिरांचा मुलगा वालचंद कॉलेजला शिकतो. त्याला बोलावलं. त्यानं खालचे स्क्रू काढून एका वाटीत ठेवले, कडेनं जुनं एटीएम कार्ड फिरवून झाकण उचललं आणि सगळ्यात आधी बॅटरीची पिन सोडवली. आत हात घालण्याआधी बॅटरी सुटी करायची, हा त्याचा नियम. मग एसएसडी, म्हणजे सगळा डेटा जिच्यात राहतो ती डिस्क, काढली. च्युइंगमच्या पट्टीएवढी वस्तू, एका स्क्रूवर बसलेली. "काकू, तुमचा सगळा धंदा ह्याच्यात आहे, बाकी सगळं पत्रा आणि प्लास्टिक," म्हणाला. गावातनं हजार-बाराशेला तिचं बाहेरचं खोकं मिळालं, त्यात घालून ती यूएसबीनं त्याच्या लॅपटॉपला जोडली.

आणि तिथं अडलं. डिस्क उघडायला 48 आकड्यांची रिकव्हरी की मागायला लागली. विंडोज 11 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलेलं असलं की बऱ्याच लॅपटॉपांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, त्याची चावी त्या मशीनच्या बोर्डात असते. डिस्क दुसरीकडं नेली किंवा बोर्ड बदलला की कुलूप दिसतं. ही की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपून ठेवलेली असते. मोबाइलवरून खात्यात शिरलो, मिळाली, आकडे एकेक करून घातले, डिस्क उघडली. टॅलीचं फोल्डर कॉपी केलं आणि रिटर्न्स पुतण्याच्या लॅपटॉपवरून वेळेत गेली. बोर्ड बदलून द्या म्हणणाऱ्या किती जणांना नंतर हा आकडा मागितला जातो आणि तेव्हा दुकानदार "फॉरमॅट मारायला लागंल" म्हणतो, देव जाणे. ज्यांचा लॅपटॉप आज चालू आहे त्यांनी ती की आजच कागदावर उतरवून कपाटात ठेवावी.

आता लॅपटॉप महिनाभर बंद राहिला असता तरी चाललं असतं. एसएसडी घरात ठेवली, रॅमच्या स्टिकरचा आणि आतल्या बोर्डाचा फोटो काढला, झाकण लावलं आणि मग दुकान गाठलं.

दुकान शंभर फुटी रस्त्यावरचं, काचेचं, एसी लावलेलं. काउंटरवरच्या मुलानं जॉबकार्ड भरलं, त्यावर 'नो पॉवर' लिहिलं. "चेकिंग फ्री आहे मॅडम." एसएसडी काढून ठेवलीय म्हटल्यावर त्याचा चेहरा जरा बदलला. "हार्डडिस्कशिवाय चेक कसं करणार?" मी म्हटलं, दिवासुद्धा लागत नाही त्याला, डिस्क कशाला लागतीय? त्यानं मालकाला विचारलं आणि ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. मालकांनी स्वतः लॅपटॉप उघडून दाखवला, हे मला आवडलं होतं. मल्टीमीटरची एक सुई बोर्डाच्या कडेला स्क्रूच्या भोकावर टेकवली, दुसरी पंख्याजवळच्या एका चौकोनी करड्या तुकड्यावर. मीटर पीऽऽ करून ओरडला. "ऐकलं? प्रोसेसर लाइन शॉर्ट. बोर्ड डेड." मी काय बोलणार? माझ्या डोळ्यांसमोर वाजलं होतं.

मग कागद आला. मदरबोर्ड 14,500. बॅटरी 3,800. विंडोज इन्स्टॉलेशन 800. एकूण 19,100. "बिल पाहिजे असंल तर 18 टक्के वरती, नाहीतर ह्यातच ॲडजस्ट करू." 18 टक्के म्हणजे 3,438, सगळे मिळून 22,538.

बोर्डाबद्दल मला काही कळत नसलं तरी कागद वाचता येतो. विंडोज ज्या डिस्कवर असतं ती डिस्क माझ्या घरी कपाटात होती, मग हे 800 कशावर विंडोज घालायचे? लॅपटॉप सुरूच होत नाही, तर बॅटरी खराब हे कशावरून ठरलं? "बोर्ड बदलताना बॅटरी नवीन घातलेली बरी असती." बरी असती म्हणजे खराब आहे असं नव्हे. बोर्ड नवा का काढलेला? "टेस्टेड आहे मॅडम, पुण्याहून मागवतो." टेस्टेड म्हणजे दुसऱ्या लॅपटॉपमधून काढलेला, हे तिसऱ्यांदा विचारल्यावर कबूल झालं. वॉरंटी एक महिना, तीही तोंडी.

उरले ते 18 टक्के. दुरुस्तीवर जीएसटी 18 टक्केच आहे, दर बरोबर. पण तो गोळा करायला दुकानाची नोंदणी चालू लागते. फक्त सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसलेल्यानं कर म्हणून एक रुपयाही घ्यायचा नसतो. मी जॉबकार्डावरचा 27 नं सुरू होणारा 15 अक्षरी जीएसटी नंबर तिथंच मोबाइलवर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला. ह्याला लॉगिन लागत नाही, कुणालाही बघता येतं. दुकानाचं नाव आलं, पत्ता आला, आणि खाली स्थिती: रद्द. रद्द झालेल्या नंबरावर माझ्याकडून 3,438 रुपये कर मागितला जात होता. मी मोबाइल त्यांच्यापुढं धरला. "ते रिन्यूला दिलंय," म्हणाले. जीएसटी नोंदणी काही ड्रायव्हिंग लायसन्स नव्हे. वाद घालायची गरज नव्हती, मला कळायचं ते कळलं होतं.

लॅपटॉप परत मागितला तर 700 रुपये 'ओपनिंग चार्ज' निघाला. कार्डावर तो कुठंच लिहिलेला नव्हता, उलट 'तपासणी मोफत' असा शिक्काच होता. मी म्हटलं, देते, पावती द्या. पावतीवर तो रद्द नंबर छापलेला. त्यांनी मुलाकडं बघितलं, मुलानं लॅपटॉप पुढं सरकवला. घरी आल्यावर बघितलं, खालचा एक स्क्रू कमी होता.

कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रालाही फोन केला. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. त्यांनी सरळ सांगितलं की आम्ही चिप लेव्हलचं, म्हणजे बोर्डावरचा एकेक सुटा भाग दुरुस्त करायचं, काम करत नाही, बोर्ड बदलतो, नवा बोर्ड 22,400 अधिक जीएसटी. म्हणजे 26,432. चार वर्षांच्या लॅपटॉपला हे परवडत नाही, पण आकडा खरा आणि बिल पक्कं. वॉरंटीतला लॅपटॉप असता तर मी दुसरीकडं कुठं बघितलंही नसतं, कारण बाहेर उघडला की कंपनी अंग काढून घेण्याची भीती असतेच.

रस्ता दाखवला तो वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी. यार्डात इलेक्ट्रॉनिक काटे सगळ्यांकडं आहेत, आणि हळदीच्या सौद्याच्या दिवसांत काटा बंद पडला तर व्यापारी तासाभराचीही कळ काढत नाही. हे काका पिशवीत मीटर आणि सोल्डरिंगची कांडी घेऊन फिरतात. एका पेढीवर मी वह्या आणायला गेले होते, ते तिथंच काट्याचं पोट उघडून बसले होते. मी व्हिडिओ दाखवला. त्यांनी दिवा विझताना बघितला आणि मान डोलावली. "मेन लाइनला शॉर्ट हाय ताई. बोर्ड कुठं जातोय लगेच." मग मला म्हणाले, "बोर्ड बदला म्हणतो तो मेकॅनिक नव्हं, तो पार्सलवाला. पुण्यास्नं आलेलं खोलायचं, जुनं पॅक करायचं." जुना बोर्ड दुकानदार ठेवून घेतो, पुढं कुणाकडून तरी दीडदोन हजारात दुरुस्त करून घेतो आणि तोच टेस्टेड म्हणून तिसऱ्याला जातो, असंही म्हणाले. सगळे तसं करतात असं मी म्हणणार नाही. पण माझ्या कागदावर 'जुना बोर्ड गिऱ्हाइकाला परत' असं कुठं लिहिलेलं नव्हतं, हे खरं.

त्यांनी मिरजेतला एक पत्ता दिला. स्टेशनच्या बाजूला, गल्लीत आत, पहिल्या मजल्यावर. पाटी नाही म्हटलं तरी चालेल. आत सोल्डरिंगला लावतात त्या फ्लक्सचा तो गोडसर जळका वास, टेबलावर मायक्रोस्कोप, हॉट एअरची मशीन, भिंतीला लावून खोक्यांत उभे केलेले शेकडो स्क्रॅप बोर्ड. सांगली-कोल्हापूरकडची बरीच दुकानं बोर्ड इथंच पाठवतात, हे टेबलावरच्या जॉबकार्डांवरून दिसत होतं. त्या शंभर फुटीवाल्यांचं कार्डही त्यात असतं तर मला नवल वाटलं नसतं. सगळे त्यांना भाई म्हणतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेलं, बाजारपेठेतल्या दुकानांत पाणी शिरलं, त्यानंतर भिजलेल्या मशीनचा ढीग इथं येऊन पडला होता. तोवर भाई विंडोज मारणं, स्क्रीन बदलणं असली कामं करायचे. त्या ढिगावर हात बसला.

"ताई, आधी बोलून घेऊ," भाई म्हणाले. "चालू झाला तर पंधराशे ते दोन हजार. नाही झाला तर 300, माझ्या वेळेचे. त्याच्या वर गेलं तर आधी फोन करीन, न विचारता हात लावणार नाही." हे त्यांनी वहीतल्या पावतीवर लिहिलं, सही केली. बसून बघितलं तर चालेल का विचारलं. त्यांनी स्टूल पुढं ओढलं.

मी आधीच सांगून टाकलं की प्रोसेसर लाइन शॉर्ट आहे, मी स्वतः ऐकलंय. भाई हसले. बोर्ड बाहेर काढला, तोच करडा चौकोनी तुकडा दाखवला. "ही कॉइल. हिच्यावर वाजणारच." मग बाजूच्या फळीवरून एक दुसरा बोर्ड उचलला, दुरुस्त होऊन गिऱ्हाइकाची वाट बघत असलेला. त्याच्या कॉइलवर सुया टेकवल्या. तोही पीऽऽ करून ओरडला. "हा चालू बोर्ड हाय. प्रोसेसरला करंट लै लागतो, तिथला रेझिस्टन्स मुळातच कमी. मीटर बीपवर ठेवला की साधारण तीस-चाळीस ओहमच्या खाली सगळ्यालाच शॉर्ट म्हणतो. बीप ऐकायची नसती, आकडा वाचायचा असतो." मीटर ओहमवर फिरवून दोन्ही बोर्डांचे आकडे दाखवले. जवळपास सारखेच.

मालकांनी मला फसवायला बीप ऐकवली की त्यांनाही तेवढंच माहीत होतं, हे मी आजही सांगू शकत नाही. "दाखवा" म्हटलं आणि त्यांनी दाखवलं. दाखवलेल्याचा अर्थ लावायला दुसरा चालू बोर्ड शेजारी ठेवावा लागला.

खरा शॉर्ट दुसरीकडं होता. चार्जर 19 व्होल्टच्या आसपास देतो, ते जॅकमधून आत आलं की दोन मॉस्फेट, म्हणजे करंट सोडणारे-अडवणारे बारके स्विच, ओलांडून एका मुख्य लाइनवर येतं, आणि तिथून पुढं प्रत्येकाला लागेल तसं कमी करून वाटलं जातं. ह्या मुख्य लाइनवर मीटरचा आकडा शून्याला टेकला होता. तिच्यावर सिरॅमिकचे बारके कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून पुरवठा स्थिर ठेवणारे तुकडे, पाचपन्नास, सगळे एकमेकांना समांतर जोडलेले. त्यातला कुठलाही एक आतून चिरला आणि शॉर्ट झाला की मीटरला सगळेच शॉर्ट दिसतात. मग गुन्हेगार शोधायचा कसा?

भाईंनी टेबलावरचा पॉवर सप्लाय एक व्होल्टवर ठेवला, करंटला मर्यादा घातली आणि दोन वायरी त्या लाइनला जोडल्या. आधी प्रोसेसरकडं जाणारे मॉस्फेट तपासून घेतले, कारण ते शॉर्ट असले तर ढकललेला व्होल्ट सरळ प्रोसेसरात शिरतो. 19 व्होल्ट सोसणाऱ्या लाइनला एक व्होल्ट म्हणजे काहीच नाही. मग ब्रशनं आयसोप्रोपिल अल्कोहोल बोर्डावर फिरवलं. ओला बोर्ड चकाकत होता. आम्ही दोघं बघत बसलो. सगळीकडं ओलं असताना चार्जिंगच्या आयसीजवळ एका जागी अल्कोहोल उडायला लागलं, आधी एक टिंब कोरडं झालं, मग त्याच्याभोवती कडं पडलं. मोहरीहून बारीक तपकिरी तुकडा. सगळा करंट त्याच्यातून जात होता म्हणून तोच तेवढा तापला होता. "बोट लावा," म्हणाले. लावलं आणि लगेच काढलं.

हॉट एअरनं तो तुकडा उचलला. चिमट्यात धरून मायक्रोस्कोपखाली ठेवला, त्यावर केसासारखी आडवी चीर. लॅपटॉप एका कोपऱ्यात धरून उचलला, बॅगेत दाबला गेला, की बोर्डाला किंचित पीळ बसतो आणि हे असं होऊ शकतं, असं त्यांचं म्हणणं. मुख्य लाइनचा आकडा आता वर चढला होता. तो कपॅसिटर नाही लावला तरी लॅपटॉप चालतो, बाकीचे आहेत सांभाळायला. तरी भाईंनी एका स्क्रॅप बोर्डावरून त्याच मापाचा काढून बसवला. "कंपनीनं दिलाय तर कायतरी विचार करूनच दिला असंल."

सप्लायवर 19 व्होल्ट लावले. करंटचा आकडा शून्याच्या जरा वर, स्थिर. बटण दाबलं. आकडा उड्या मारत वर गेला आणि पंखा फिरला. मी पर्समधून एसएसडी काढून दिली, त्यांनी बसवली, विंडोज उघडलं. बोर्ड तोच असल्यामुळं ह्या वेळी कुणी 48 आकडे मागितले नाहीत.

पैसे 1,800. 'मेन लाइन शॉर्ट काढला, कपॅसिटर 1 बदलला, ह्याच बिघाडाला 90 दिवस' असं पावतीवर. भाईंची जीएसटी नोंदणी नाही, त्यांनी कर मागितलाही नाही. आणि खालचा जो स्क्रू गायब होता तो एका डबीतून शोधून लावून दिला.

घरी आल्यावर दीर म्हणाले, "वहिनी, तो कपॅसिटर दोन रुपयांचा. दोन रुपयांच्या पार्टला अठराशे घेतले आणि तुम्ही खूश?" ह्यावर जेवणं होईपर्यंत वाद चालला. माझं म्हणणं असं की दोन रुपयांचा तुकडा कुठं आहे हे शोधण्याचे अठराशे आहेत. ते मला आधी सांगितले होते, कशाचे ते समजावले होते आणि काम होईना तर 300 वर सुटका होती. शंभर फुटीवाल्यांनी 14,500 मागितले म्हणून मी त्यांना लुटारू म्हणत नाही. न बघितलेल्या बॅटरीचे, डिस्कच नसलेल्या विंडोजचे आणि सरकारात न जाणाऱ्या कराचे पैसे मागितले, ते मला खटकलं. मी रिटर्न भरायचे पैसे घेते तेव्हा कुणी 'चार बटणंच दाबलीत की' म्हणालं तर मला झोंबतं. मजुरीवर घासाघीस करायची आणि पार्टच्या किमतीवर डोळे मिटायचे, ही आपली सवय उलटी आहे. त्यामुळं दुकानदारही मजुरी पार्टमध्ये लपवायला शिकलेत. दीर अजूनही पटलंय असं म्हणत नाहीत.

बॅटरीचं मी स्वतः बघितलं. विंडोजमध्ये कमांडच्या काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी, स्पेस, तिरकी रेघ, बॅटरीरिपोर्ट असं टाकलं की एक पान तयार होतं. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता दोन्ही येतात. माझी मूळ 41,040 मिलिवॅट-अवर, आताची 29,800. म्हणजे साधारण 73 टक्के शिल्लक. नवी असताना चालायची तेवढी चालत नाही, पण 3,800 घालवावेत इतकी वाईटही नाही. फुगलेली असती, टचपॅड वर आला असता, तर आकडे न बघता बदलली असती. एसएसडीची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये दिसते, तीही चांगली निघाली. रॅम फोटोतलीच होती, स्टिकर ताडून बघितलं.

भांडायची वेळ आली असती तर काय, हेही त्या दरम्यान वाचून ठेवलं होतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल द्यायला नकार देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरलीय. 1915 वर ग्राहक हेल्पलाइन आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची. पण ह्या सगळ्याला हातात कागद लागतो. तोंडी एस्टिमेट आणि तोंडी वॉरंटी आयोगापुढं सिद्ध करणं अवघड. माझ्या जॉबकार्डावर 'तपासणी मोफत' नसतं तर त्या 700 रुपयांवरून माझीच बोलती बंद झाली असती.

आता यार्डातल्या एका पेढीचा संगणक बंद पडलाय आणि त्यांच्या दिवाणजींनी फोन केला होता, "मॅडम, मदरबोर्ड गेलाय म्हणतायत, अकरा हजार." मी विचारलं, कुठल्या लाइनला शॉर्ट आहे आणि आकडा किती येतोय, विचारलंत का? ते म्हणाले, विचारून सांगतो. तासाभरानं परत फोन आला. दुकानदार म्हणतोय, उद्या परत एकदा चेक करून सांगतो.